चेंडू कधी पसरतो, कधी उडून जातो

प्रश्न : गेमसाठी भरीव रबरी चेंडू बनवतोय. जाळीचे बिंदू स्प्रिंगांनी जोडलेत. स्प्रिंग सैल ठेवली तर चेंडू जमिनीवर पसरतो. ताठ केली तर बिंदू पडद्याबाहेर उडतात. काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : यात दोन वेगळे दोष आहेत.

बिंदू उडतात ते वेळेच्या टप्प्यामुळे. स्प्रिंग जितकी ताठ, तितकं तिचं कंपन जलद. तुम्ही बहुधा आत्ताच्या बलावरून थेट पुढची जागा काढता. कंपनाच्या मानाने १/६० सेकंदाचा टप्पा मोठा पडला, की बिंदू मूळ जागा ओलांडून पलीकडे जातो, तिथून आणखी जोराने ओढला जातो आणि ऊर्जा वाढतच राहते. डेव्हिड बाराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ मध्ये कापडासाठी पुढच्या क्षणाच्या स्थितीवरून बल काढलं. त्या पद्धतीने मोठे टप्पे पेलतात, पण दरवेळी समीकरणांचा मोठा संच सोडवावा लागतो आणि हालचाल मरगळते. गेमसाठी मी २०१६ ची एक्सपीबीडी पद्धत सुचवेन. ती बिंदूंच्या जागाच दुरुस्त करते. ताठपणा टप्प्याच्या लांबीवर अवलंबून राहत नाही. एका फ्रेमचे १०-२० उपटप्पे करा, प्रत्येकात दुरुस्तीची एकच फेरी पुरे.

पसरण्याचं कारण सोपं आहे : पृष्ठभागाच्या जाळीला आतल्या घनफळाची खबरच नसते. चेंडू आतून चतुष्फलकांनी भरा, प्रत्येकाचं घनफळ राखण्याची अट घाला. खरं रबर दाबलं की बाजूंनी फुगतं, घनफळ जवळपास तेवढंच राहतं. तो फुगवटा नीट दिसेपर्यंत ताठपणाच्या आकड्यांना हात लावू नका.