सुया त्यांच्या, सोसणे आमचे

खर्चाचे पत्रक हाती देताना ज्यांची जीभ क्षणभरही अडखळली नाही, त्याच मंडळींनी सुयांच्या दुष्परिणामांविषयी मात्र मौन पाळावे, याची चीड अद्याप माझ्या मनातून गेलेली नाही. १९८६ साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी टेस्ट ट्यूब बेबीचे जे शास्त्र यशस्वी करून दाखविले, त्याच्याशी माझे वैर नाही. तक्रार आहे ती आमच्या मालाडातील एका चकचकीत दवाखान्याविषयी.

एफएसएचच्या सुयांनी अनेक अंडी वाढवितात आणि अखेरीस एचसीजीची सुई देऊन ती पक्व करतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु पीसीओ (अंडाशयात अनेक बारीक पुटिका) असलेल्या स्त्रीचे अंडाशय या सुयांनी अतिरेकी चेतून रक्तातील पाणी पोटात झिरपू शकते, हे माझ्या फायलीच्या पहिल्याच पानावर पीसीओची नोंद असूनही मला कोणी सांगितले नाही. अंडी काढल्यावर परकराची नाडी पुरेना, लघवी जेमतेम होऊ लागली, उताणे निजताच धाप लागू लागली. दवाखान्यात फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, "गॅस असेल ताई, ओवा खा." दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम अर्थातच कामात होत्या. रात्री दुसऱ्या रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवून सुजलेल्या अंडाशयांभोवतीचे काळे पाणी दाखविले आणि विचारले, "असे होऊ शकते, हे सांगितले नव्हते?" पुढे यजमानांनी जाब विचारला, तेव्हा मॅडमनी इंग्रजी संमतिपत्रावर पेन्सिलीच्या फुलीशेजारी असलेल्या माझ्या सहीवर बोट ठेवले!

म्हणून सांगते. पीसीओ असल्यास अँटॅगोनिस्ट पद्धत, शेवटी एचसीजीऐवजी ॲगोनिस्टची सुई आणि गर्भ गोठवून ट्रान्सफर पुढे ढकलणे शक्य आहे का, हे आधीच विचारावे. कारण त्याच महिन्यात गर्भ राहिल्यास अंडाशय अतिरेकी चेतण्याचा हा विकार अधिक चिघळतो. रोज सकाळी वजन करावे. दिवसात किलोभर वाढले, लघवी घटली, धाप लागली वा पोटरी सुजून दुखू लागली, तर फोनवर विसंबू नये, तडक रुग्णालय गाठावे. सुयांची नावे व मात्रा वहीत टिपाव्यात. मन प्रसन्न ठेवावे, सकस खावे, हे तर सारेच सांगतात.

२०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यान्वये दुष्परिणाम व धोके सांगणे, तसेच तक्रार कक्ष ठेवणे दवाखान्यास बंधनकारक आहे. तेव्हा तक्रारीचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. सहीसाठी कागद पुढे आला की मराठी प्रत मागून घरी वाचावी. त्यावर ज्यांच्या कपाळी आठ्या पडतील, त्यांची पायरी पुन्हा चढू नये.