सासवण्याचे शिल्पघर

मुंबईहून जलमार्गाने मांडव्यास उतरून अलिबागच्या रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर सासवणे हे गाव येते. नारळीच्या वाड्यांत वसलेल्या या गावातील एका घराच्या आवारात पाऊल ठेवताच नवखा मनुष्य थबकतो. समोर एक म्हैस असते. ती अंगावर तर येणार नाही ना, असे क्षणभर वाटते. मग ध्यानात येते, की ती सिमेंटची आहे!

हे घर थोर शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचे. त्यांचा जन्म १८९१ साली याच गावी झाला. लहानपणी त्यांनी गावातील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र रंगविले होते. ते कुलाब्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साहाय्याने हा खेड्यातील मुलगा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे त्यांनी कलकत्त्यात शिल्पशाळा थाटली. ते विलायतेसही जाऊन आले. पुण्यातील शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांनी १९२८ साली ब्राँझमध्ये घडविला. बालपणी भिंतीवर उमटलेला विषय असा पुन्हा त्यांच्या हाती आला.

परंतु असे पुतळे मागणीवरून घडत आणि दूरच्या शहरी निघून जात. ज्याने द्रव्य द्यावे, त्याने विषय सांगावा, ही या व्यवसायाची रीतच आहे. सासवण्याच्या घरी विषय सांगणारे कोणी नव्हते. तेथे नानासाहेबांनी कोळ्याची पोर घडविली, कष्टकरी स्त्रीपुरुष घडविले, गुरे घडविली. दारावरून रोज जाणारी ही माणसे. त्यांचा पुतळा कोण सांगणार?

ब्राँझचे ओतकाम फार खर्चाचे असते. सिमेंटचे तसे नाही. प्रथम मातीत मूर्ती घडवावयाची, तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढावयाचा आणि त्यात सिमेंट भरावयाचे. घरे बांधण्याचे हे करडे, रुक्ष द्रव्य! पण नानासाहेबांच्या मूर्तींत वस्त्राची चुणी आणि कष्टाने निबर झालेला हातही त्यात स्पष्ट उमटला आहे.

१९६७ साली नानासाहेब निवर्तले. कुटुंबीयांनी ही शिल्पे त्याच घरी जतन केली आणि घर संग्रहालय म्हणून लोकांस खुले केले. आत सुमारे दीडशे शिल्पे आहेत. त्यांत मोठमोठ्या पुरुषांचे मुखवटेही आहेत. पण पाहणारा अधिक वेळ रेंगाळतो, तो त्या अनामिक माणसांपाशी.