सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक

संगणकाच्या तासाला सरांनी आम्हाला एक सोपी बेरीज दिली. पायथनमध्ये ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवायची आणि उत्तर १ येते का ते पाहायचे. उत्तर एकापेक्षा किंचित कमी आले. आम्ही हसलो. मग सरांनी धाहरानची हकीकत सांगितली आणि वर्ग शांत झाला.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू होते. सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही. ते बराकीवर पडले आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले.

दोष कोठे होता? मला तो दोन जागी दिसतो.

पहिला कोडमध्ये. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत असे. एक तृतीयांश जसा दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसा ०.१ द्विमान पद्धतीत येत नाही. तो २४ बिटांत बसवताना शेपूट तोडले गेले. दर वेळची तूट सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढी. पण शंभर तासांत अशा ३६ लाख नोंदी होतात, म्हणून तूट ०.३४ सेकंद झाली. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. रडार भलत्याच जागी शोधत राहिले. वेळ काढण्याची पद्धत कोडमध्ये काही ठिकाणी सुधारली होती, पण सगळीकडे नाही. त्यामुळे दोन हिशेब जुळेनात.

दुसरा दोष रचनेत. यंत्रणा काही तासच चालेल आणि मग जागा बदलेल, असे गृहीत धरले होते. धाहरानला ती शंभर तास सलग चालली. बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर घड्याळ शून्यावर आले असते.

काही तासांत कोडची चूक जाणवलीच नसती. रचनेतील गृहीतकाने तिला वाढायला वेळ दिला. उलट कोड अचूक असता, तर शंभर तासही निभावले असते. म्हणून एकालाच दोषी ठरवणे मला पटत नाही.

‘फार वेळ’ सलग चालवल्यास लक्ष्याची जागा चुकू शकते, अशी सूचना आधीच गेली होती. फार म्हणजे किती तास, हे तीत नव्हते. सुधारलेले सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचले २६ फेब्रुवारीला, एक दिवस उशिरा.

आता मी प्रोग्राम लिहिताना वरच्या ओळीत नोंद करतो : हा किती वेळ आणि कोणत्या परिस्थितीत चालेल. कॅडेट मित्रांनो, सूचना देतानाही आकडा सांगायला विसरू नका.