गणवेश उतरल्यानंतर



नोकरीतून निवृत्त झालेले आपले काही जण म्हणतात, "फादर, कामाची वर्षे संपली. आता देवाला आमचा काय उपयोग?" हाच प्रश्न ऐन तारुण्यात पडलेल्या एका सैनिकाची आज आपण ओळख करून घेऊ या.

लेनर्ड चेशायर हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक होते. शत्रूच्या प्रदेशावर बॉम्ब टाकण्याच्या शंभर मोहिमा त्यांनी केल्या. १९४४ साली त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ते निरीक्षक म्हणून दुसऱ्या विमानात होते. १९४६ साली त्यांनी सैन्य सोडले. वय अवघे अठ्ठावीस!

पुढे काय? त्यांनी माजी सैनिकांसाठी एक वसाहत काढली. सर्वांनी एकत्र राहावे, एकत्र काम करावे, ही कल्पना चांगली होती. पण वसाहत कर्जात बुडाली आणि मोडली. हॅम्पशायर परगण्यातले 'ले कोर्ट' नावाचे मोठे घर तेवढे उरले. १९४८ साली कळले, की वसाहतीतला एक जुना रहिवासी कर्करोगाने मरणपंथाला लागला आहे आणि त्याला जायला ठिकाण नाही. चेशायर यांनी त्याला घरी आणले व स्वतः त्याची शुश्रूषा केली. मागोमाग इतर रुग्णही येऊ लागले. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी चेशायर यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला.

अपंग आणि दीर्घकाळ आजारी असलेल्यांसाठीची चेशायर होम्स अशी सुरू झाली. १९५०च्या दशकात ते भारतात आले आणि आपल्या अंधेरीतही असे घर उभे राहिले. १९५९ साली स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तोही मुंबईतच. १९९२ साली ते देवाघरी गेले, तोवर ही सेवा अनेक देशांत पोहोचली होती.

यातून आपण काय शिकावे? तत्त्वज्ञानात साधन आणि साध्य असा भेद करतात. धैर्य, शिस्त, नेतृत्व ही साधने. युद्ध लढणे चूक होते असे चेशायर यांनी मानले नाही, आणि सैन्यात मिळवलेले गुणही टाकून दिले नाहीत. देवाने त्याच गुणांना नवे साध्य दिले. दुसरे असे, की पाचारण मोठ्या योजनेच्या रूपाने आले नाही. योजना फसली, घर रिकामे झाले आणि त्या रिकाम्या घरात एक रुग्ण आला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात राजा कोणाचीही पदवी विचारत नाही. भुकेल्यासाठी, आजाऱ्यासाठी काय केले, एवढेच तो पाहतो.

मननासाठी :
१. नोकरीत आपण कोणते गुण मिळवले? आज ते कोणाच्या उपयोगी पडतील?
२. आपल्या वाडीत अंथरुणाला खिळलेले कोण आहे? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.