बर्फ नको, ऊब शोध

भाचेबुवा, रविवारी तू तुझ्या स्टुअर्ट रणगाड्याचं मॉडेल घेऊन आलास आणि त्यावर पिठाची गिरणी फुटल्यासारखा पांढरा थर होता, तेव्हा मी काही बोललो नाही. ताई समोर बसली होती आणि सोड्याचा डबा तिच्या स्वयंपाकघरातून गेला होता, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. आता निवांत लिहितो.

तुझी चूक मी तीस वर्षांपूर्वी केली आहे. नेरुळच्या या घरात नवा राहायला आलो तेव्हा एक रशियन टी-३४ केला होता. फेव्हिकॉल फासला, वरून खायचा सोडा भुरभुरला. दिवाळीत सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या जुलैपर्यंत त्या बर्फाचं पिठलं झालं. सोडा फेव्हिकॉलमधला ओलावा धरून बसतो, वर आपल्या खाडीकाठची हवा. आधी खडे धरले, मग पिवळा पडला, शेवटी पापुद्रे सुटून आले. इन्स्टंट ग्लूवर सोडा टाकलास तर तो क्षणात दगडासारखा घट्ट होतो, पण पिवळेपणा चुकत नाही. वर्षभर टिकवायचं असेल तर सोडा विसर.

पण सामान नंतर. आधी एक गोष्ट सांगतो, कारण माझी सगळी विद्या तिथून आली आहे.

मी बर्फ पाहिला तो काश्मिरात नाही, तुर्भ्याला शीतगृहात. अमोनियाच्या प्लांटवर नोकरीला लागलो तेव्हा आमचे फोरमन म्हणाले होते, "गेज नंतर बघ, आधी पाइप बघ." कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या सक्शनच्या पाइपवर पांढरा बर्फ धरतो आणि त्याच यंत्रातून बाहेर जाणाऱ्या डिस्चार्जच्या पाइपवर बोट ठेवलं तर चटका बसतो. मध्ये अंतर हातभर. आणि सक्शनवरचा तो बर्फ सरकत सरकत थेट कॉम्प्रेसरच्या अंगावर चढला, तर समजायचं की वायूऐवजी द्रव परत येतोय, पळा. म्हणजे कुठे किती बर्फ आहे यावरून आत काय चाललंय ते कळतं. तुझ्या रणगाड्यावरचा बर्फ मला काहीच सांगत नव्हता. इंजिनावर, साखळीवर, नळीवर, सगळीकडे सारखा.

तू निवडलेला प्रसंग मात्र फर्मास आहे. १ नोव्हेंबर १९४८, पाकिस्तानशी पहिलं युद्ध, झोजी ला. साडेअकरा हजार फुटांवरची खिंड शत्रूच्या हातात, लडाखचा रस्ता तुटलेला, आणि पायदळाचे आधीचे हल्ले फसलेले. तेव्हा जनरल थिमय्यांनी ७ व्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट वर न्यायचं ठरवलं. पूल कमकुवत आणि बातमी फुटायची भीती, म्हणून वरचे बुरूज काढून गाड्या जम्मूकडून श्रीनगरला आणि तिथून बालतालला नेल्या. पुढची वाट मद्रास सॅपर्सनी डोंगर फोडून केली. हवामानामुळे हल्ला लांबला आणि अखेर पडत्या बर्फात रणगाडे खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

आता स्वतःला विचार : तुझी गाडी रात्रभर उभी आहे की चढण चढून आली आहे? हे ठरल्याशिवाय ब्रश उचलू नकोस. एम-५ स्टुअर्टच्या पाठीत दोन कॅडिलॅक इंजिनं असतात. चालून आलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या झाकणावर बर्फ थांबत नाही. वितळून ओलं काळपट होतं, कडेनं ओघळ येतात. तिथे पांढरं टाकायचं नाही, चमकदार वार्निशचा पातळ हात द्यायचा. उलट रात्रभर उभी गाडी असेल तर झाकणावरही मऊ थर हवा, पण मग बुरुजाची झाकणं बंद आणि वर माणूस उभा नको. दोन्ही एकत्र केलंस तर बघणाऱ्याला नक्की काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण खटकेल.

तोफेच्या नळीवर रेघभर बर्फ ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या गोळ्याच्या हादऱ्याला ती रेघ खाली पडते. झोजी लावर तोफा बोलल्या होत्या, तेव्हा नळी कोरडी ठेव. जिथे सैनिकांचे बूट पडतात तिथला बर्फ दाबून चिकट, करडा होतो. वारा एकाच बाजूनं येतो, म्हणून बर्फाचा ढीगही एकाच बाजूला. चाकांच्या मागच्या आडोशाला जास्त, वाऱ्याच्या तोंडाला कमी. साखळीच्या कड्यांमध्ये आणि चाकांच्या आतल्या अंगाला मात्र कोंबून भर. ती जागा कुणी पुसत नाही.

जाडीचं गणित करूनच हात लाव. १/३५ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये फूटभर बर्फ म्हणजे नऊ मिलिमीटरला जरा कमी. घोट्याएवढा हवा असेल तर चार मिलिमीटर बस झाले. तुझा थर रणगाड्याच्या चाकांच्या आसापर्यंत गेला होता, म्हणजे त्या गाडीला खिंडीत कुणी फावड्यानं काढायला हवं होतं.

आता सामान. फायबरग्लासचं काम करणाऱ्यांकडे काचेच्या पोकळ गोळ्यांची भुकटी मिळते, त्याला ते मायक्रोबलून म्हणतात. पिठाहून हलकी. हातात घेण्याआधी तोंडाला मास्क बांध, पंखा बंद कर; ती काच आहे, छातीत जायला नको. फेव्हिकॉल दोन चमचे, पांढरा ॲक्रिलिक रंग एक चमचा, आणि ही भुकटी घालत जायची, चक्क्यासारखं घट्ट होईपर्यंत. रंग न घालता नुसता फेव्हिकॉल वापरलास तर वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि बर्फाचा ओला साबण दिसायला लागतो. हा चक्का जुन्या ब्रशनं थोपटत लाव, ओढू नकोस. वरचा भुसभुशीत थर हवा असेल तर ओलं असतानाच चहाच्या गाळणीतून कोरडी भुकटी चाळ.

भुकटी नाहीच मिळाली तर रांगोळी आहे. पण दाराशी काढायची जाड रांगोळी खड्यांसारखी दिसते. संगमरवराची अगदी बारीक पूड माग आणि मलमलीतून गाळ. चमकीची रांगोळी तर मुळीच नको, ती गणपतीच्या मखरातल्या अमरनाथाला शोभते. कापूसही तिथलाच. आपल्याकडचे बर्फाचे देखावे मला आवडतात हो, पण त्यातला बर्फ देवाचा असतो, त्याला थंडी वाजायची गरज नसते.

रंगाचं एक सांगतो. बर्फ निव्वळ पांढरा ठेवलास तर तो चुन्याच्या भिंतीसारखा सपाट दिसतो. सावलीच्या बाजूला निळ्या ॲक्रिलिकचा ठिपका पाण्यात विरघळवून सोड. ताईच्या कपड्यांची नीळ नको, ती नंतर पांढऱ्यात पसरत जाते. आणि वितळणाऱ्या कडांना तपकिरी पाणी.

पायथ्यासाठी पारसिकच्या बाजूच्या खाणीतली कच चालेल, करडी असते. लाल माती नको, नाहीतर झोजी ला महाबळेश्वरला येईल. कच असो की माती, आधी तव्यावर चांगली भाजून घे. नाही भाजलीस तर पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते. हे मला बेलापूरच्या एका मित्राच्या देखाव्यावरून कळलं, त्यानं लडाखातलं चुशूल केलं होतं. चुशूल म्हटलं की लोक पुन्हा भरमसाट बर्फ घालतात. १९६२ च्या ऑक्टोबरात एएन-१२ विमानांतून सहा एएमएक्स-१३ रणगाडे तिथे उतरवले, पण तिथली थंडी कोरडी, वाऱ्याची. तिथे बर्फापेक्षा धूळ जास्त घाल.

थर्मोकोलचा पायथा असेल तर त्यावर स्प्रे रंग मारू नकोस, तो थर्मोकोल खाऊन टाकतो. हिमाच्या सुया हव्या असतील तर पारदर्शक स्प्रू, म्हणजे किटमधले सुटे भाग जिला जोडलेले असतात ती प्लॅस्टिकची काडी, मेणबत्तीवर ताणून घे, पण झाकणाच्या कडेला तीन-चारच सुया लाव. जिथे ऊब आहे आणि शेजारीच गार लोखंड आहे, तिथेच त्या धरतात.

चुना फासलेला रणगाडा आणि त्यासाठी आधी हेअरस्प्रे मारून वरचा पांढरा रंग खरवडणं तू इंटरनेटवर बघितलं असशील. त्या युरोपातल्या गाड्या. झोजी लाच्या ज्या छायाचित्रांत मी स्टुअर्ट पाहिलाय त्यात पांढरा रंग दिसत नाही. तू हिरवा ठेव.

हे सगळं काम डिसेंबर-जानेवारीत कर. पावसाळ्यात फेव्हिकॉल लवकर वाळत नाही, आणि वाळलेला पुन्हा मऊ पडतो. मॉडेल झाल्यावर ॲक्रिलिकच्या पेटीत ठेव, कोपऱ्यात बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि दर जूनमध्ये बदल.

सोडा पूर्ण निघायला कोमट पाण्यात मऊ ब्रश पुरेल, पण साखळी सांभाळून. पुढच्या रविवारी गाडी धुऊन आण, भुकटी माझ्याकडे आहे. आणि येताना तो डबा ताईच्या ओट्यावर परत ठेव. ढोकळा फुगला नाही म्हणून ती दोन दिवस बेसनाला दोष देतेय.