जमिनीखालचे नळमार्ग आणि त्यांची साधने

कुंभकोणम् हे तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील मंदिरांचे नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेले आहे. भोसले घराण्याच्या राजवटीमुळे तंजावरचे नाव मराठी वाचकांना परके नाही. कुंभकोणम् मात्र आपल्याला माहीत असते ते दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम् उत्सवामुळे, किंवा गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण तेथे गेले म्हणून. 2011 च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 40 हजार भरली. 2021 साली तेथील नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. प्रस्तुत प्रकरणात आपल्याला या नगराचा विचार करावयाचा आहे तो एका वेगळ्या कारणासाठी. 2018 साली भुयारी गटारांच्या सफाईसाठी यंत्रमानव वापरण्यास आरंभ करणाऱ्या देशातील पहिल्या काही नगरांत कुंभकोणमची गणना होते. या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी जमिनीखालचे नळमार्ग कसे चालतात, ते का तुंबतात आणि ते मोकळे करण्यासाठी माणसाने कोणकोणती साधने घडविली, हे प्रथम पाहिले पाहिजे.

नळमार्गाची रचना

शहराच्या रस्त्यांखाली दोन प्रकारचे मार्ग असतात. एक सांडपाणी वाहून नेणारा, म्हणजे भुयारी गटाराचा. दुसरा दूरध्वनीच्या व विजेच्या तारा ज्यांतून ओवल्या जातात त्या पोकळ नळांचा. दोहोंचे प्रयोजन भिन्न असले तरी एक अडचण समान आहे. नळ इतका अरुंद असतो की त्यात माणूस शिरू शकत नाही, आणि तो जमिनीत इतका खोल असतो की प्रत्येक वेळी रस्ता खणणे परवडत नाही.

सांडपाणी बहुधा केवळ उताराने वाहते. त्याचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरपेक्षा कमी झाला की पाण्याबरोबर आलेली वाळू व गाळ तळाशी बसू लागतो. त्यात स्वयंपाकघरातील तेलकट राड, चिंध्या, केस आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांची भर पडते. झाडांची मुळे ओलाव्याच्या शोधात नळाच्या सांध्यांतून आत शिरतात आणि तेथे जाळे विणतात. कावेरीच्या खोऱ्यासारख्या सपाट प्रदेशात पुरेसा उतार मिळविणे मुळातच कठीण असल्यामुळे गाळ साचण्याचा प्रश्न तेथे अधिक बिकट होतो.

यासाठी नळमार्गावर ठराविक अंतराने विहिरीसारखे कोठे बांधून त्यांवर लोखंडी झाकणे बसवितात. व्यवहारात यांना मॅनहोल म्हणतात. आत शिरता येणार नाही अशा लहान नळांवर दोन मॅनहोलमधील अंतर साधारणपणे 30 मीटर ठेवण्याचा संकेत आहे. हे अंतर कशावरून ठरले? हाताने ढकललेली काठी नळातून जेथवर पोहोचते, तेवढ्यावरून. म्हणजे सफाईच्या साधनाच्या लांबीने रस्त्याखालच्या रचनेचे माप ठरविले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

काठी, दोर आणि पाणी

सर्वांत जुने व सर्वांत स्वस्त साधन म्हणजे बांबूची चिरलेली लांब कामटी. ती लवचिक असते, कोठेही मिळते आणि मोडली तरी फारसे नुकसान होत नाही. भारतातील अनेक शहरांत ती आजही वापरात आढळते. तिच्यापुढची पायरी म्हणजे जोडकाठी. सुमारे एकेक मीटर लांबीच्या वेताच्या किंवा लवचिक पोलादाच्या काठ्या पितळी आट्यांनी एकमेकींना जोडत जावयाच्या आणि पुढच्या टोकाला कामाप्रमाणे मळसूत्र, तारेचा ब्रश, आकडा किंवा रबरी चकती लावावयाची. या कामात एक नियम कसोशीने पाळावा लागतो. काठी नेहमी उजवीकडेच फिरवावी. ती डावीकडे फिरविल्यास आटे सुटतात आणि काठीचा पुढचा भाग नळातच अडकून बसतो. मग तुंबलेला नळ मोकळा करण्याऐवजी नवाच अडथळा निर्माण होतो.

काठीने छिद्र पडते, गाळ मात्र बाहेर येत नाही. त्यासाठी बादलीयंत्राची योजना झाली. शेजारच्या दोन मॅनहोलांवर दोन रहाट बसवितात. काठीच्या साहाय्याने एका कोठ्यातून दुसऱ्या कोठ्यात पोलादी दोर ओवून घेतात आणि त्या दोराला बांधलेली बादली नळातून पुढे-मागे ओढतात. म्हणजे येथे साफ करण्यापूर्वी ओवावे लागते.

तारांच्या नळांत क्रम याच्या उलट असतो. तेथे ओवण्यापूर्वी साफ करावे लागते. काचतंतूची लवचिक सळई एका मोठ्या चाकावर गुंडाळलेली असते. ती नळात सरकवून पलीकडच्या कोठ्यात काढतात. परत येताना ती आपल्याबरोबर दोरी आणते. त्या दोरीने प्रथम ब्रश आणि नंतर नळाच्या व्यासाहून किंचित लहान असा लाकडी अगर धातूचा ठोकळा ओढून पाहतात. ठोकळा विनासायास पार झाला तरच तार ओढावयाची. तारेच्या टोकाला विणलेली धातूची जाळी मोज्यासारखी चढवितात. ओढ पडताच ती अधिक घट्ट आवळली जाते. शिवाय तारेला पीळ पडू नये म्हणून मध्ये फिरती कडी घालतात. प्रकाशतंतूची बारीक तार तर अनेक ठिकाणी दाबाच्या हवेने नळातून पुढे नेली जाते.

गटारांच्या बाबतीत सर्वांत मोठा बदल घडविला तो पाण्याच्या फवाऱ्याने. जाड नळीच्या टोकावरील तोटीला मागच्या बाजूस तिरपी छिद्रे असतात. त्यांतून दाबाचे पाणी मागे उसळते आणि त्याच्या प्रतिक्रियेने नळी आपोआप पुढे सरकते. नळी खालच्या मॅनहोलमधून वरच्या दिशेने सोडतात, म्हणजे ती परत ओढताना गाळ प्रवाहाबरोबर खालच्या कोठ्याकडे येतो. तेथे शोषणयंत्र तो टाकीत ओढून घेते. देवळांभोवतीच्या अरुंद गल्ल्यांत मात्र अशी अवजड वाहने सहज जाऊ शकत नाहीत.

साधन कोठे थांबते

या सर्व साधनांचा विचार करताना एक गोष्ट वाचकांच्या लक्षात येईल. नळाच्या लांबीत ती दूरवर पोहोचतात, परंतु कोठ्याच्या खोलीपुढे हतबल होतात. नळाचे तोंड कोठ्याच्या तळाशी असते; तेथे ताठ काठी घालावयाची तर कोणीतरी खाली उभे राहिले पाहिजे. तळाशी साचलेले दगड, विटांचे तुकडे व घट्ट गाळ फवाऱ्याने हलत नाहीत आणि शोषणयंत्रालाही उचलत नाहीत. जेथे साधन थांबले, तेथे आपल्या समाजाने माणूस उतरविला. तो माणूस कोण असावा हे जातीने ठरविले, ही गोष्ट साधनांच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

खाली काय असते? सडणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निर्माण होतो. तो हवेहून जड असल्यामुळे तळाशी साठतो. अल्प प्रमाणात त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास नाहीसा झाल्याचा भास होतो. प्रमाण याहून बरेच वाढल्यास माणूस काही क्षणांतच शुद्ध हरपतो. पहिला माणूस कोसळला की त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये केरळातील कोळिकोड येथे दोन कामगार मॅनहोलमध्ये कोसळले असता त्यांना वाचविण्यासाठी उतरलेला नौशाद हा रिक्षाचालकही त्यांच्याबरोबर मृत्यू पावला. तारांच्या कोठ्यांतही विषारी वायू साठू शकतो आणि प्राणवायूचे प्रमाण घटू शकते. म्हणून झाकण उघडल्यावर हवा खेळू देणे व वायूची तपासणी करणे हा तेथेही पहिला नियम आहे.

कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा घेतली. 2013 च्या अधिनियमाने संरक्षक साधनांविना गटारात माणूस उतरविण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि 20 ऑक्टोबर 2023 रोजी ती 30 लाखांवर नेली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत.

कुंभकोणमचा प्रयोग

कुंभकोणमने स्वीकारलेल्या यंत्राचे नाव 'बँडिकूट' असे आहे. तिरुवनंतपुरम् येथील 'जेनरोबोटिक्स' या तरुण अभियंत्यांच्या संस्थेने ते तयार केले. मूळ तेलुगू शब्दावरून आलेल्या या इंग्रजी नावाचा अर्थ आहे घूस. यंत्राचा एक भाग मॅनहोलच्या तोंडाशी उभा राहतो आणि दुसरा भाग कोठ्यात उतरतो. त्याला पाय, लांबणारा हात, गाळ उचलणारे पात्र, अंधारात पाहणारे कॅमेरे आणि वायूची नोंद घेणारी उपकरणे असतात. कामगार वर, मोकळ्या हवेत उभा राहून पडद्यावर पाहत ते चालवितो. पूर्वी खाली उतरणाऱ्या कामगारांनाच हे यंत्र चालविण्याचे शिक्षण देता येते, ही त्याची विशेष जमेची बाजू होय.

परंतु या यंत्राच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. ते कोठा साफ करते, दोन कोठ्यांमधला नळ नव्हे. नळासाठी फवारा, सळई व दोर यांची गरज राहतेच. यात्रेच्या दिवसांत लक्षावधी लोक एका लहान नगरात येतात तेव्हा गटारांवरील भार कित्येक पटींनी वाढतो, आणि अशा वेळी एका यंत्राने सर्व भागत नाही. यंत्र विकत घेणे सोपे असते. त्याची देखभाल, सुटे भाग, प्रशिक्षित माणसे आणि तातडीच्या प्रसंगीही माणूस न उतरविण्याचा निर्धार या गोष्टी त्याहून अवघड आहेत. गल्लीच्या टोकाला पाणी तुंबले असता, यंत्र येण्यास उशीर होतो म्हणून जुन्याच मार्गाचा अवलंब करण्याचा मोह होतो. आणि बहुतेक बळी अशाच घाईत जातात.

अलीकडे शासकीय भाषेत 'मॅनहोल' ऐवजी 'मशीनहोल' हा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न होत आहे. नाव बदलणे योग्यच आहे. परंतु ते सार्थ केव्हा होईल, याची कसोटी साधी आहे. बांबूच्या कामटीपासून यंत्रमानवापर्यंतच्या या साऱ्या साधनांचे प्रयोजन एकच, माणसाचा हात लांब करणे. जेथे हात पोहोचला आणि देह वरच राहिला, तेथे साधन सफल झाले. ज्या नगरात एकही माणूस झाकणाखाली उतरत नाही, त्याच नगराची भुयारी गटार योजना पूर्ण झाली असे समजावे.