कमी गुणांची मुलंही तपास

शिरूर कासार

चि. सोनूस,


तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. आपल्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत गुरुजी-बाईंकडून प्रश्नावली भरून घ्यायची, मनाने त्रासलेली मुलं त्यातून ओळखू येतात का ते पडताळायचं. विषय चांगला आहे. मराठी भाषांतर झालं की निम्मं काम संपलं, हा त्यातला सूर मात्र पटला नाही.

रॉबर्ट गुडमन यांची १९९७ची प्रश्नावली तू घेतली आहेस. विधानं २५. त्यांतल्या अडचणींच्या २० विधानांचे जास्तीत जास्त ४० गुण, आणि शिक्षकांच्या फॉर्मवर १६ किंवा वर गेलं की मूल धोक्याच्या गटात. ही १६ची रेघ ब्रिटनमधल्या मुलांवरून आखलेली. शिरूरला ती लागू पडतेच असं आधीच धरलंस, तर मग पडताळणार काय?

वेळेचं बघ. फॉर्म विचारतो गेल्या सहा महिन्यांतलं किंवा या शालेय वर्षातलं वागणं. आपल्याकडे जूनच्या मध्यात शाळा भरते आणि दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी कोयते निघतात. पोरं आईबापाबरोबर उसाच्या फडात, नाहीतर आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. जुलैत बाईंना मूल पुरतं ठाऊक नसतं आणि डिसेंबरात वर्गात मूलच नसतं. म्हणून सप्टेंबर गाठ. एप्रिलमध्ये परतलेल्या मुलाचं लक्ष लागत नाही अशी खूण हमखास होईल, पण मधले धडेच बुडालेत तर कुणाचं लागेल? घरची माणसं तोडीला जातात का, तेव्हा मूल कुठे होतं, हे प्रत्येक फॉर्मवर लिहून घे. नाहीतर स्थलांतरालाच आजार ठरवून बसशील.

शिक्षकांचाही विचार कर. द्विशिक्षकी शाळेत एकेकाकडे दोन-तीन इयत्ता, वर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती. ४० मुलांचे फॉर्म म्हणजे १००० खुणा. एका बैठकीत भरायला लावलंस तर शेवटच्या मुलांना सरसकट मधला रकाना मिळेल. रोज पाच-सहाच दे. त्याच मुलांचे फॉर्म दुसऱ्या शिक्षकांकडूनही भरून घे, पण दोघांना वेगळं बसव. एका टेबलावर गप्पा मारत भरलेले फॉर्म छान जुळतात, त्या जुळण्याला किंमत नाही.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत विकमन यांनी १९२८ सालीच दाखवलं होतं की शिक्षकांना उद्धट, दंगेखोर मूल जास्त गंभीर वाटतं, तर मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांना अबोल, अलिप्त मूल. आपल्या वर्गांतही गप्प मुलगी ही गुणी मुलगी असते. त्यामुळे जास्त गुण आलेली मुलंच पडताळणीसाठी डॉक्टरांना दाखवलीस, तर हातून निसटली किती हे कधीच कळणार नाही. कमी गुणवाल्यांतूनही चिठ्ठ्या टाकून काही मुलं निवड, आणि कोण कुठल्या गटातलं हे तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगू नकोस.

दुसरी बाजूही मांडतो. समजा १०० मुलांत खरोखर त्रासलेली ८. प्रश्नावलीने त्यांतली ६ पकडली आणि उरलेल्या ९२ पैकी १८ जणांवर उगाच बोट ठेवलं. म्हणजे नावं निघाली २४ आणि त्यांतली १८ धडधाकट! गावात एखाद्या पोराच्या नावाला 'डोक्यात फरक' चिकटायला एवढं पुरतं. नावांची यादी शाळेत ठेवू नकोस, सरपंचांनी मागितली तरी देऊ नकोस.

तपासणी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात करायची असं तू लिहिलं आहेस. ते इथून जवळ नाही, आणि ज्याचं पोर बरं दिसतं तो बाप रोज बुडवून का येईल? डॉक्टरांनाच शाळेत आणता आलं तर बघ. ते नाही जमलं तर गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी दोन्ही अनुदानाच्या अर्जात मांड. पैसे कमी मिळाले तर शाळा कमी घे, पण कमी गुणांचा गट गाळू नकोस.

तुझा,
मामा